एक चादर म्हणजे किती टॉवेल? किंमत ठेवून दोन समीकरणं सोडवण्याची रीत

सोलापुरातल्या एखाद्या चादरीच्या दुकानातली दोन बिलं हातात आहेत असं समजा. एकावर लिहिलंय: एक चादर, तीन टॉवेल, एकूण ९०० रुपये. दुसऱ्यावर: दोन चादरी, एक टॉवेल, एकूण १०५० रुपये. सुटा भाव दोन्हीकडे नाही. (आकडे गणितापुरते घेतलेत, हे घेऊन दुकानात घासाघीस करू नका.) चादर केवढ्याला पडली आणि टॉवेल केवढ्याला?

आधी अक्षरं न वापरता बघू. पहिल्या बिलावरून एवढं कळतं की एक चादर म्हणजे ९०० रुपयांतून तीन टॉवेलांचे पैसे काढल्यावर जे उरेल ते. आता दुसऱ्या बिलातल्या दोन चादरी उचला आणि प्रत्येकीच्या जागी 'नऊशेतून तीन टॉवेल कमी' हे ठेवा. दोन चादरी होत्या, म्हणून अठराशेतून सहा टॉवेल कमी झाले. बिलात एक टॉवेल आधीपासून होता, तो मिळवला की पाचच टॉवेल कमी. अठराशेतून पाच टॉवेलांचे पैसे गेल्यावर १०५० उरतात, तर ते पाच टॉवेल ७५० चे. एक टॉवेल १५० चा, आणि चादर ९०० वजा ४५०, म्हणजे ४५० ची.

रीत एवढीच आहे. एका वस्तूची किंमत दुसरीच्या रूपात लिहायची, ती दुसऱ्या समीकरणात तिच्या जागी ठेवायची, म्हणजे एकच अनोळखी वस्तू उरते. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या गणितात हीच रीत 'एकसामयिक समीकरणं' या नावाखाली येते. क्लासमध्ये कुणी तिला सरळ सबस्टिट्यूशन म्हणतात. इथे चलांसाठी क्ष आणि य वापरलेत. उत्तरपत्रिकेत तुमच्या पुस्तकातली अक्षरं वापरा.

एका चादरीची किंमत क्ष रुपये, एका टॉवेलची किंमत य रुपये मानू.

क्ष + ३य = ९००  ......(१)
२क्ष + य = १०५०  ......(२)

समीकरण (१) वरून:
क्ष = ९०० − ३य  ......(३)

ही किंमत समीकरण (२) मध्ये ठेवून:
२(९०० − ३य) + य = १०५०
१८०० − ६य + य = १०५०
−५य = −७५०
य = १५०

य = १५० समीकरण (३) मध्ये ठेवून:
क्ष = ९०० − ४५० = ४५०

(क्ष, य) = (४५०, १५०) ही दिलेल्या समीकरणांची उकल.

समीकरणांना (१), (२) असे नंबर देणं आणि 'समीकरण (१) वरून', 'समीकरण (२) मध्ये ठेवून' हे शब्द लिहिणं टाळू नका. पेपर तपासणाऱ्याला वाट दिसते, हा फायदा आहेच. पण खरा उपयोग तुमचा स्वतःचा आहे: कुठून काढलं आणि कुठे ठेवलं हे लिहिलं की काढलेली किंमत त्याच समीकरणात परत ठेवण्याची चूक होत नाही. ती चूक पुढे सविस्तर येणारच आहे.

कुठला चल वेगळा काढायचा?

या रीतीतले निम्मे कष्ट इथेच ठरतात, आणि बहुतेक मुलं नेमकी इथेच विचार करत नाहीत. 'पहिल्या समीकरणातून क्ष काढायचा' अशी सवय लागलेली असते, मग समीकरण कसंही असो. वरच्याच उदाहरणात समीकरण (२) मधून क्ष काढून बघा: क्ष = (१०५० − य)/२. अपूर्णांक आला. तो समीकरण (१) मध्ये ठेवला तरी उत्तर तेच येईल, पण छेद सांभाळत बसावं लागेल.

म्हणून पेन टेकवण्याआधी चारही सहगुणक, म्हणजे क्ष आणि य च्या आधीच्या संख्या, नजरेखालून घाला. ज्याचा सहगुणक १ किंवा −१ आहे तो चल काढा, मग तो क्ष असो की य, समीकरण पहिलं असो की दुसरं. सहगुणक −१ असेल तर एकच काळजी: ५क्ष − य = ७ यातून य = ५क्ष − ७ येतो. '−य = ७ − ५क्ष' एवढं लिहून पुढे जाऊ नका. ते उणे चिन्ह तिथल्या तिथे निकालात काढा, नाहीतर ते दोन ओळींनंतर हमखास विसरलं जातं.

१ कुठेच नसेल तर एखादं समीकरण भागून लहान होतंय का ते पाहा. ४क्ष + ८य = २० हे समोर आल्यावर आधी ४ ने भागा. क्ष + २य = ५ झालं, सहगुणक १ मिळाला.

तेही जमत नसेल, म्हणजे ३क्ष + ४य आणि ५क्ष − ६य अशी जोडी असेल, तर किंमत ठेवण्याचा हट्ट कशाला? सहगुणक समान करून एका चलाचा लोप करणं अशा वेळी सोपं पडतं. तरीही प्रश्नात हीच रीत मागितली असेल तर करावी लागेल, म्हणून ते एकदा नीट पाहून घेऊ.

३क्ष + ४य = १८  ......(१)
५क्ष − ६य = −८  ......(२)

समीकरण (१) वरून क्ष = (१८ − ४य)/३. हे समीकरण (२) मध्ये ठेवलं की

५(१८ − ४य)/३ − ६य = −८

आता छेद घालवायला ३ ने गुणायचं आहे. प्रत्येक पदाला गुणायचं, फक्त छेद असलेल्या पदाला नाही:

५(१८ − ४य) − १८य = −२४
९० − २०य − १८य = −२४
−३८य = −११४
य = ३, आणि क्ष = (१८ − १२)/३ = २

घाईत −६य आणि −८ तसेच राहिले तर ९० − २०य − ६य = −८ असं होतं आणि य = ९८/२६ येतो. शालेय उदाहरणात ४९/१३ सारखं उत्तर आलं की आधी ही ओळ तपासायची. अपूर्णांक उत्तर असूच शकत नाही असं नाही, पण असा वेडावाकडा अपूर्णांक दिसला तर गुणाकार सुटल्याचा संशय पहिला घ्यावा.

कंस

किंमत ठेवताना ती कंसात ठेवायची. पुढे गुणायला काही नसलं तरी कंस घाला, एका क्षणाचं काम आहे. दुसऱ्या बिलात दोन चादरी होत्या म्हणून दोन वेळा तीन टॉवेल कमी झाले होते, आठवतंय? कंस नसेल तर २ ने फक्त ९०० ला गुणलं जातं आणि टॉवेल तीनच कमी होतात. मग १८०० − ३य + य = १०५०, म्हणजे य = ३७५ आणि क्ष = ९०० − ११२५, उणे २२५. दुकानदार चादर देऊन वर सव्वादोनशे रुपये हातावर ठेवतोय, असं उत्तर. इथे चूक स्वतःहून ओरडते. नुसत्या संख्यांच्या उदाहरणात ती गप्प बसते.

कंसाच्या आधी उणे चिन्ह असेल तर धोका दुप्पट. पुढची जोडी घ्या:

२क्ष + य = ७  ......(१)
३क्ष − २य = ७  ......(२)

य चा सहगुणक १ आहे, तेव्हा य = ७ − २क्ष. समीकरण (२) मध्ये:

३क्ष − २(७ − २क्ष) = ७
३क्ष − १४ + ४क्ष = ७
७क्ष = २१
क्ष = ३, य = १

मधल्या ओळीतला + ४क्ष हा सगळ्यात जास्त वेळा − ४क्ष म्हणून लिहिला जातो. −२ गुणिले −२क्ष हे अधिक होतं, हे विचारलं तर प्रत्येकाला येतं. लिहिताना मात्र हात '−१४ −' अशा लयीत पुढे जातो. उपाय साधा आहे: कंस सोडवायची ओळ वेगळी लिहा, त्याच ओळीत पदं एकत्र करायला जाऊ नका.

ताळा दोन्ही समीकरणांत का घ्यायचा

'उत्तर आलं की ताळा घ्या' हे सगळेच सांगतात. पण ताळा नीट वाचला तर चूक कोणत्या ओळीत आहे तेही तो सांगतो.

वरच्याच उदाहरणात कंसाची चूक केली असं धरू. ३क्ष − १४ − ४क्ष = ७, म्हणून क्ष = −२१. मग य = ७ − २(−२१) = ४९. आता समीकरण (१) मध्ये ताळा घ्या: २(−२१) + ४९ = ७. बरोबर! बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात. समीकरण (२) मध्ये घ्या: ३(−२१) − २(४९) = −६३ − ९८ = −१६१. ७ यायला हवे होते.

पहिल्यात जमलं याचं कारण असं की य काढला तोच पहिल्या समीकरणावरून. क्ष च्या जागी काहीही घातलं, तरी य = ७ − २क्ष ने काढलेला य पहिल्या समीकरणात बसणारच. ज्याने माप दिलं त्यालाच माप बरोबर आहे का विचारण्यासारखं झालं.

आता दुसरी चूक करून बघू. पक्षांतर करताना चिन्ह बदललं नाही आणि य = ७ + २क्ष लिहिलं. पुढचं सगळं बिनचूक केलं: ३क्ष − २(७ + २क्ष) = ७, म्हणजे −क्ष − १४ = ७, क्ष = −२१, य = ७ − ४२ = −३५. ताळा: समीकरण (२) मध्ये −६३ + ७० = ७, बरोबर. समीकरण (१) मध्ये −४२ − ३५ = −७७, चूक. (दोन वेगळ्या चुका करूनही क्ष दोन्हीकडे −२१ च आला, कारण या दोन्ही चुकांनी एकच ओळ तयार होते. मित्राशी उत्तर जुळलं म्हणजे ते बरोबर आहे असं नाही, हेही त्यातून दिसतं.)

तर वाचायचं असं. ज्या समीकरणातून चल काढला ते जुळत नाही पण दुसरं जुळतं, तर चूक चल वेगळा काढताना झाली आहे. ज्यातून काढला ते जुळतं पण दुसरं जुळत नाही, तर चूक किंमत ठेवल्यानंतरच्या ओळींत आहे: कंस, गुणाकार किंवा पदं एकत्र करताना. दोन्ही जुळत नसतील तर आधी शेवटची ओळ पाहा. पहिला चल बरोबर निघून दुसरा काढताना साधी वजाबाकी चुकली असण्याची शक्यता जास्त. नाहीतर चुका दोन आहेत. पानभर गणित पुन्हा करण्यापेक्षा हे दोन ओळींचं काम बरं. अट एकच: दुसऱ्या चलाची किंमत समीकरण (३) मधूनच, म्हणजे चल वेगळा काढलेल्या ओळीतूनच काढलेली असावी. ती समीकरण (२) मधून काढली तर हा हिशोब लागू होत नाही.

९०० = ९०० आलं, आता?

दोन गोष्टी असू शकतात, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक, क्ष = ९०० − ३य हे समीकरण (१) वरून काढलं आणि समीकरण (१) मध्येच परत ठेवलं. ९०० − ३य + ३य = ९००. य उडून गेला, ९०० = ९०० उरलं. यातून काहीच सिद्ध होत नाही. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या तळ्याला एक फेरी मारून निघालो तिथेच परत आलो, एवढंच. मुलं मात्र इथे 'अनंत उकली' लिहून मोकळी होतात. म्हणून वर म्हटलं की 'कशावरून' आणि 'कशात' हे लिहीत जा.

दोन, किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवूनही चल उडाला. दुसरं बिल असं होतं समजा: दोन चादरी, सहा टॉवेल, १८०० रुपये. २(९०० − ३य) + ६य = १८००, म्हणजे १८०० = १८००. हे खरंच अनंत उकलींचं उदाहरण आहे. दुसरं बिल म्हणजे पहिलंच दुप्पट करून लिहिलेलं, त्यातून नवीन काही कळत नाही. चादर ४५० आणि टॉवेल १५० हेही बसतं, चादर ६०० आणि टॉवेल १०० हेही बसतं.

आणि दोन चादरी, सहा टॉवेलांचं बिल २००० चं असेल तर? १८०० = २०००. असत्य विधान, म्हणून उकल नाही. दुकानाच्या भाषेत: दोन्ही बिलं एकाच भावाने झालेलीच नाहीत. कुठेतरी घाऊकचा दर लागलाय किंवा बेरीज चुकली आहे. अशा वेळी गणितात चूक शोधत अर्धा तास घालवू नका. आधी क्ष च्या सहगुणकांचं गुणोत्तर आणि य च्या सहगुणकांचं गुणोत्तर काढा. इथे १/२ आणि ३/६, दोन्ही सारखी. गुणोत्तरं सारखी असतील तर एकमेव उकल मिळणारच नाही. मग स्थिर पदांचं, म्हणजे चल नसलेल्या संख्यांचं, गुणोत्तरही तेवढंच आलं तर अनंत उकली, वेगळं आलं तर एकही नाही. क्ष आणि य च्या सहगुणकांची गुणोत्तरंच वेगळी असतील तर मात्र एकमेव उकल नक्की आहे, आणि तुमचा चल उडाला असेल तर चूक तुमची आहे.

शाब्दिक उदाहरणं

इथे बीजगणितापेक्षा मराठी जास्त लागते. पहिलं वाक्य नीट लिहिलं तर पुढचं निम्मं सोपं होतं. 'चादर = क्ष' असं कधीही लिहू नका. चादरीचं काय क्ष? किंमत, नग, की वजन?

हे उदाहरण बघा. एका गठ्ठ्यात चादरी आणि टॉवेल मिळून ४० नग आहेत. चादर ४५० ची, टॉवेल १५० चा. गठ्ठा १०,८०० रुपयांचा. चादरी किती आणि टॉवेल किती? वस्तू त्याच, दुकान तेच, पण आता भाव माहीत आहेत आणि नग माहीत नाहीत. क्ष म्हणजे चादरींची संख्या, य म्हणजे टॉवेलांची संख्या. गणितात 'क्ष ची किंमत' म्हणतात तेव्हा तिथे रुपयेच असतात असं नाही, हे इथे स्पष्ट होतं.

क्ष + य = ४०
४५०क्ष + १५०य = १०,८००

दुसरं समीकरण मोठ्या आकड्यांनिशी घेऊन पुढे जाऊ नका. १५० ने भागा: ३क्ष + य = ७२. मग य = ४० − क्ष ठेवला की ३क्ष + ४० − क्ष = ७२, क्ष = १६, य = २४. ताळा रुपयांत घ्या, लहान केलेल्या समीकरणात नको. भागाकार चुकला असेल तर लहान समीकरण तो दाखवणार नाही: ७२०० + ३६०० = १०,८००. आणि नग विचारले असताना साडेसोळा चादरी आल्या तर समीकरण मांडतानाच काहीतरी बिघडलंय.

'पेक्षा' आणि 'पट' असलेली वाक्यं या रीतीसाठी आयतीच असतात, कारण त्यांत चल आधीच वेगळा काढलेला असतो. पण ती उलटी लिहिली जातात. 'टॉवेलांची संख्या चादरींच्या तिप्पट आहे' याचं समीकरण य = ३क्ष. वाक्याच्या ओघात घाईने वाचून कित्येक जण क्ष = ३य लिहितात. खात्री करायला एक सोपा आकडा घालून बघा: चादरी २ असतील तर टॉवेल ६. य = ३क्ष मध्ये २ घातले की ६ येतात का? येतात.

वयाच्या उदाहरणात सापळा वेगळा. वडिलांचं आजचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पटीपेक्षा २ ने जास्त आहे. पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या तेव्हाच्या वयाच्या चौपट होतं. वडील क्ष, मुलगा य, दोघांची आजची वयं, आणि 'आजची' हा शब्द लिहायचाच.

क्ष = ३य + २
क्ष − ५ = ४(य − ५)

पाच वर्षं दोघांच्याही वयातून जातात. उजवीकडे ४य − ५ लिहिलं तर चौपट केल्यावर पाच वजा झाले, म्हणजे मुलगा सव्वाच वर्षाने लहान झाला. किंमत ठेवा: ३य + २ − ५ = ४य − २०, त्यावरून य = १७ आणि क्ष = ५३. पाच वर्षांपूर्वी ४८ आणि १२, चौपट बरोबर.

वेळ-अंतराच्या उदाहरणात मिनिटं घात करतात. सोलापूर-पुणे रस्त्याने अंतर २५० किलोमीटर धरू. राष्ट्रीय महामार्ग ६५ वर गाडी ताशी ७५ ने गेली, दोन्ही शहरांतल्या गर्दीत ताशी २५ ने, आणि एकूण ४ तास लागले. महामार्गावरचं अंतर क्ष कि.मी., गर्दीतलं य कि.मी.

क्ष + य = २५०
क्ष/७५ + य/२५ = ४

दुसऱ्याला ७५ ने गुणलं की क्ष + ३य = ३००. क्ष = २५० − य ठेवा: २५० + २य = ३००, य = २५, क्ष = २२५. तीन तास महामार्गावर आणि एक तास गर्दीत. आता समजा वेळ '४ तास २० मिनिटे' दिली असती, तर ती ४.२० नाही. २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग, म्हणून १३/३ लिहायचं. ४.२० लिहिणाऱ्याचे ८ मिनिटं कुठे गेले ते त्यालाही सापडत नाही.

छेदात चल असेल तर

२/क्ष + १/य = ७ आणि ३/क्ष − २/य = ७ अशी जोडी रेषीय नाही, पण तशी करता येते. १/क्ष = म आणि १/य = न मानलं की २म + न = ७ आणि ३म − २न = ७. हे वर सोडवलेलंच आहे: म = ३, न = १. इथे थांबलात तर गुण जातात. परत क्ष, य वर या: क्ष = १/३, य = १. म आणि न ही तुम्ही आणलेली अक्षरं आहेत, विचारलेली नाहीत.

ही रीत कधी वापरू नये

३७क्ष + ६३य = १३७ आणि ६३क्ष + ३७य = १६३. सहगुणक अदलाबदल झालेले दिसले की किंमत ठेवायला जाऊच नका, (१३७ − ६३य)/३७ घेऊन कुठे फिरणार? बेरीज करा: १००क्ष + १००य = ३००, म्हणून क्ष + य = ३. दुसऱ्यातून पहिलं वजा करा: २६क्ष − २६य = २६, म्हणून क्ष − य = १. आता किंमत ठेवा, आता तिचं काम आहे: क्ष = य + १, मग २य + १ = ३, य = १, क्ष = २.

प्रश्नात क्रेमरची पद्धत किंवा आलेख असं स्पष्ट लिहिलं असेल तर तीच वापरायची, इथे हुशारी दाखवायची नाही. नुसतं 'सोडवा' असेल तर सहगुणक १ दिसला की किंमत ठेवा, नाहीतर लोप करा.

तीन चल आणि तीन समीकरणं आली तरी वाट हीच: एका समीकरणातून एक चल काढायचा आणि तो उरलेल्या दोन्ही समीकरणांत ठेवायचा. एकातच ठेवला तर तिसऱ्यात तो चल तसाच राहतो आणि गाडी अडते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीतल्या बीजगणितात अनेक अज्ञात राशींची हीच शिस्त आहे. राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आणि लिहिताना या, का, नी. पहिल्या राशीची किंमत बाकीच्यांच्या रूपात काढायची, तिला त्यांनी उन्मिती म्हटलंय, आणि एकाच राशीच्या अशा दोन उन्मिती मिळाल्या की त्या समान मांडायच्या. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा. आपल्या क्ष आणि य पेक्षा ते वहीवर छान दिसलं असतं.

सरावाला पाच

१. क्ष − २य = १ ; ३क्ष + ४य = २३
२. ४क्ष + य = ५ ; ६क्ष − ५य = २७
३. क्ष/२ + य/३ = ५ ; क्ष − य = ५
४. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्याचं मोठ्यांचं तिकीट मुलांच्या तिकिटापेक्षा ३० रुपयांनी जास्त आहे. दोन मोठी आणि तीन मुलं यांना मिळून २६० रुपये लागले. दोन्ही तिकिटं काढा.
५. ६क्ष − २य = १० ; य = ३क्ष − ४

उत्तरं: १. (५, २). २. (२, −३), इथे य काढायचा, क्ष नाही. ३. (८, ३), आधी पहिल्याला ६ ने गुणा, उजवीकडच्या ५ लासुद्धा. ४. मोठ्यांचं ७० रुपये, मुलांचं ४० रुपये. मोठ्यांचं ३४ आणि मुलांचं ६४ आलं असेल तर 'पेक्षा' उलटं वाचलंय आणि ताळा मूळ वाक्यात घेतलेला नाही. ५. ६क्ष − ६क्ष + ८ = १०, म्हणजे ८ = १०; उकल नाही. इथे −२ ने कंसातल्या −४ ला गुणताना −८ लिहिलं असेल तर −८ = १० येतं, आणि चूक करूनही निष्कर्ष बरोबर निघतो. तेव्हा पाचव्याचं उत्तर जुळलं तरी मधली ओळ एकदा बघाच.